गावाच्या बॅटऱ्या, रुखमाचा पंखा

सानगडीच्या बाजारचौकात टेकचंद कापगतेचा टिनाचा ठेला आहे. तिथे तो फवारणीचे पंप दुरुस्त करतो. ठेल्याला पाटी नाही, कारण पाटीचा पत्रा त्याने कुणाच्या तरी पंपाच्या बुडाला लावून टाकला. माणूसच असा. त्याच्या हातात गेलेली वस्तू मूळ रूपात फार वेळ राहत नाही. लग्नाच्या पंगतीत बसला तर वरण यायच्या आधी उठून मंडपातला कुरकुरणारा कूलर उघडून बसेल, देवळात गेला तर आधी घंटेचा नट आवळेल आणि मग देवाला हात जोडेल. त्याची बायको रुखमा म्हणते, ह्या माणसाला न्यायला यम आला तर हा आधी रेड्याच्या गळ्यातली घंटी सोडवून पाहील.

पंप दुरुस्तीच्या आधी तीस वर्षं त्याने साकोली ते दिघोरी काळी-पिवळी जीप चालवली. नऊ जणांच्या गाडीत सतरा जण कसे बसवायचे, हे शास्त्र त्याला अवगत होतं. उन्हाळ्यात यात्रेच्या खेपा असायच्या. डोंगरगड, रामटेक, अमरकंटक. अर्ध्या तालुक्याला त्याने नर्मदेचं कुंड दाखवलं. ज्या म्हाताऱ्यांना घरचे बाजारापर्यंत नेत नव्हते, त्यांनाही त्याने अमरकंटकला नेऊन आणलं. फक्त एक माणूस राहून गेलं, ते म्हणजे रुखमा.

तो नेत नव्हता असं नाही, ती आलीच नाही. रुखमा परक्या ठिकाणी झोपू शकत नाही. लेकीच्या, म्हणजे रीताच्या सासरी गेली तरी संध्याकाळच्या एसटीने परत. कारण एकच, पंखा. आणि कुठलाही पंखा चालत नाही, तिचाच लागतो. लग्नात आलेला हिरव्या पात्यांचा टेबल फॅन. तो चालू झाला की खर्र-टक, खर्र-टक असा आवाज करत मान डोलवतो. उन्हाळ्याचं सोडा, पौषातल्या थंडीतसुद्धा रुखमा रजई नाकापर्यंत ओढून घेते आणि उशाशी पंखा लावते. सगळ्या गावाची यंत्रं सरळ करणाऱ्या टेकचंदला घरातल्या ह्या एका पंख्याला हात लावायची बंदी आहे. पस्तीस वर्षं तो खर्र-टक ऐकतो, खिशात तेलाची कुपी असते, आणि काही करता येत नाही. ह्याहून मोठी शिक्षा त्याच्यासारख्याला देता येणार नाही.

मागल्या वर्षी एका शाळेने आपली जुनी व्हॅन काढून टाकली आणि टेकचंदने ती घेतली. मागच्या सीटा काढून फळ्यांचा पलंग ठोकला. खाली भांडी ठेवायला कप्पा, दाराशी गॅसची छोटी शेगडी, पाण्याची कॅन, खिडक्यांना रुखमाच्या जुन्या साडीचे पडदे. बाहेरच्या पिवळ्या रंगावर 'मुलांना जपून चढवा' अशी अक्षरं होती, ती त्याने तशीच ठेवली. एवढं झाल्यावर त्याने रुखमाला अंगणात बोलावलं.

"पाय, घरच घेऊन आलो. आता तं चालशीन अमरकंटकले?"

रुखमाने आत डोकावून पाहिलं. पलंग दाबून पाहिला. पडदा ओळखला.

"पंखा?"

"लावतो ना."

"माहाच पंखा. आन रातभर चालला पायजे. धर्मशाळेवानी मधातच बंद पडन तं मी येनार नाई."

"चालन, रातभर चालन."

"चालला तं मी येतो. नाई चालला तं हे गाडी कुंदनले इकून टाकायची आन घराले गिलावा करायचा. बोला, हाव का नाई?"

टेकचंद हाव म्हणाला. तो कधीच दुसरं काही म्हणत नाही. कुंदन म्हणजे गावातला मंडप डेकोरेशनवाला. व्हॅन आल्या दिवसापासून त्याचा डोळा तिच्यावर होता. त्याला डीजेचे डबे न्यायला असंच वाहन हवं होतं. त्याच्या कानावर ही शर्त संध्याकाळच्या आत गेली, आणि दुसऱ्या दिवसापासून तो येता-जाता विचारू लागला, "काय म्हनते पंखा, टेकचंदभाऊ?"

पंख्याचं उत्तर सुरुवातीला फार वाईट होतं. टेकचंदने आधी सगळ्यात सोपा मार्ग धरला. कुणाच्या तरी कॉम्प्युटरचा टाकून दिलेला यूपीएस आणला, तो गाडीच्याच बॅटरीला जोडला आणि त्यावर चाचणीपुरता भंगारातला एक पंखा लावला. वीज गेल्यासारखा तो यूपीएस सारखा टी-टी करून बोंबलत होता, म्हणून त्याची पिपाणी उपटून काढली. पंखा रात्रभर चालला. टेकचंद खुशीत सकाळी चावी फिरवायला गेला, तर गाडी मेलेली. पंख्याने रात्रभरात गाडीची बॅटरी पिऊन टाकली होती. बाजाराचा दिवस, गाडी नेमकी चौकाच्या तोंडाशी लावलेली, भाजीवाल्या बाया शिव्या देताहेत. शेवटी चौदा माणसांनी ढकलून ती बाजूला केली. ढकलणाऱ्यांत कुंदन सगळ्यात पुढे होता आणि ढकलता ढकलता गाडीचे टायर तपासत होता.

टेकचंद मग साकोलीला भूषणकडे गेला. भूषण गाड्यांच्या वायरिंगचं काम करतो, काळी-पिवळीच्या काळापासूनची दोस्ती.

"तुले कोनी सांगतलं होतं गाडीच्या बॅटरीले हात लावाले?" भूषण म्हणाला. "ते इंजिनची हाय. तुह्या संसाराची येगळी चूल मांड. दुसरी बॅटरी ठेव. गाडी चालू असली का दोन्ही घरं जोडून दे, डायनामो दोघांले बी भरन. गाडी बंद झाली का मधातलं दार लावून घे. मंग पंख्यानं रातभर खाल्लं तरी आपल्याच घरचं खाईन, इंजिनच्या घरात जानार नाई."

"आन ते दार कोन लावन? मी रातभर जागतो का तेथं?"

"रिले लावन. हॉर्नचा जुना रिले असन ना तुह्याकडं? चावीच्या वायरवर घे. चावी बंद, दार बंद. आन फ्यूज टाकजो, नाई तं गाडीची होळी होईन."

हे टेकचंदला एकदम पटलं. अडलं ते दुसऱ्या बॅटरीपाशी. अशा कामाच्या नव्या, हलक्या बॅटरीची किंमत भूषणने सांगितली. टेकचंदने पाणी मागितलं. पाणी पिऊन पुन्हा विचारलं. किंमत तीच होती.

तो हिरमुसून ठेल्यावर परत आला आणि सवयीने फळीकडे पाहिलं. आणि तिथेच त्याला अक्कल सुचली. ती अक्कल होती की आणखी काही, ते पुढे कळेल.

आता ह्या फळीचं सांगितलं पाहिजे. आमच्या भागात धान लावणाऱ्या प्रत्येक घरात पाठीवरचा फवारणी पंप असतो आणि प्रत्येक पंपाच्या पोटात विटेएवढी एक बॅटरी असते. हंगाम संपला की ती बॅटरी घरी ठेवायची नाही, टेकचंदकडे ठेवायची, अशी गावची रीत पडून गेली आहे. घरी ठेवली की ती पडून पडून मरते. टेकचंदकडे ती फळीवर बसते, महिन्या-पंधरा दिवसांत तो तिला चार्जिंग पाजतो, आणि पुढच्या हंगामात मालक येऊन घेऊन जातो. प्रत्येकीवर रंगाने मालकाचं नाव. फळीवर पाहिलं की गावाची मतदारयादी वाचल्यासारखं वाटतं.

यंदा दसऱ्याच्या सुमारास धान निसवला, लोंब्या बाहेर आल्या, सगळ्यांना वाटलं की आता फवारणी आटोपली. बॅटऱ्या लवकरच फळीवर येऊन बसल्या. टेकचंदने त्यातल्या धडधाकट निवडल्या. कुंदनच्या तीन, अमरच्या दोन, तीन वेगवेगळ्या घरच्या एकेक, एक शेजारच्या करुणाची आणि एक त्याच्या स्वतःच्या पंपाची. झाल्या दहा. दहाही शेजारी शेजारी ठेवून सगळ्यांचे प्लस एका पट्टीला आणि मायनस दुसऱ्या पट्टीला जोडले, की दहा लहान बॅटऱ्यांची एक मोठी होते. खर्च म्हणाल तर वायरचा आणि फ्यूजचा.

मन त्याला खात होतं, नाही असं नाही. पण टेकचंदने मनाची समजूत घातली. बॅटरी बसून राहिली की खराब होते, कामात राहिली की चांगली राहते. म्हणजे आपण लोकांच्या बॅटऱ्या वापरत नाही, त्यांना व्यायाम देतो. हे त्याने रुखमालाही सांगितलं. रुखमा म्हणाली, "मंग लोकायचे बैल बी न्या व्यायामाले."

पट्ट्यांसाठी तांबं परवडेना, तेव्हा तो एसटीने भंडाऱ्याला गेला. तिथे पितळेच्या भांड्यांचं सुमित्राबाईंचं दुकान आहे. सुमित्राबाई गल्ल्यावर बसतात आणि गिऱ्हाईक काय घेणार हे चेहऱ्यावरून सांगतात.

"लगनाचा आंदन?" त्यांनी विचारलं.

"नाई. पट्टी पायजे. हातभर लांब, दोन."

"पट्टी? कायले?"

"बॅटऱ्या बांधाच्या हायेत."

सुमित्राबाईंनी चष्मा वर केला. "आमच्याकडं गंगाळ घेतात, घागर घेतात, समई घेतात. बॅटऱ्या बांधाले पितळ नेनारा तू पयला." पण त्यांनी मागे जाऊन कातरणातल्या दोन जाड पट्ट्या शोधून काढल्या आणि राखेने घासून दिल्या. पितळ मळकं देणं त्यांच्या हातून होत नाही. त्यामुळे त्या गाडीत पलंगाखाली, जिथे कुणाची नजर जात नाही, तिथे दोन पट्ट्या देवघरातल्या समईसारख्या चमकत होत्या.

पट्ट्यांना दहा-दहा भोकं पाडली. बॅटऱ्या लाकडी पेटीत बसवल्या, पेटीला वारा जायला जाळी ठेवली. यूपीएस गाडीच्या बॅटरीवरून काढून ह्या पेटीला जोडला. हॉर्नचा रिले लावला, दोन्ही टोकांना फ्यूज टाकले. रानडुकरांच्या कुंपणाला करंट देणाऱ्या मशीनवरचं एक जुनं सोलरचं पान, म्हणजे पॅनल, मिळालं, तेही टपावर चढवलं. दिघोरीपर्यंत गाडी फिरवून आणली, बॅटऱ्या गच्च भरल्या. आता परीक्षा.

परीक्षा रात्री व्हायला हवी होती. पण रुखमा म्हणाली, "रातच्याले अंगनात गाडीत झोपली तं गाव म्हनन नवऱ्यानं घराबाहेर काढलं." म्हणून दिवस ठरला. सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच, रात्रीएवढे आठ तास. इंजिन सुरू करायचं नाही, घरातून वायर ओढायची नाही. रुखमाने पहाटे उठून स्वयंपाक केला, अंगण सारवलं, कोंबड्यांना दाणे टाकले आणि नऊच्या ठोक्याला उशी बगलेत मारून परीक्षेला निघाली. पंखा तिने स्वतःच्या हाताने उशाशी ठेवला. खर्र-टक सुरू झालं. तिने दार ओढून घेतलं.

टेकचंद बाहेर खुर्ची टाकून बसला. समोर कडुनिंबाखाली कुंदन आधीच येऊन बसला होता. त्याला कुणी बोलावलं नव्हतं.

दोन दिवसांपासून आभाळ होतं. ना धड पाऊस, ना धड ऊन, नुसता घामाचा उकाडा. टेकचंदला काळजी होती ती सोलरच्या पानाची, की ऊन नाही तर ते कमी भरणार. असल्या आभाळाचा दुसरा अर्थ त्याच्यासारख्या धान पिकवणाऱ्याला कळायला हवा होता. पण तो पंख्यात इतका बुडाला होता की गेल्या चार दिवसांत स्वतःच्या बांधीवर, म्हणजे धानाच्या खाचरात, फिरकलाही नव्हता.

साडेदहाला कुंदनचा मोबाइल वाजला. तो बोलता बोलता उभा राहिला.

"टेकचंदभाऊ, धानावर तुडतुडा आला म्हनते. माह्या गड्यानं पायला आता. बुडाशी काळंकाळं होऊन राहिलं. माह्या तीन बॅटऱ्या दे."

टेकचंदचा चेहरा पडला. तुडतुडा ही कीड म्हणजे काय हे धानवाल्याला सांगावं लागत नाही. आज फवारलं नाही तर चार दिवसांत बांधीच्या बांधी जळल्यासारखी बसते.

"ठेल्यावर जाऊन घे ना," तो म्हणाला. बोलून झाल्यावर त्याला आठवलं की बॅटऱ्या ठेल्यावर नाहीत.

"ठेल्यावर पायल्या मी काल. फळी खाली हाय," कुंदन शांतपणे म्हणाला. "त्या आत हायेत ना, वयनीच्या खाली?"

म्हणजे ह्या माणसाला ठाऊक होतं! टेकचंदने गाडीचं मागचं झाकण उचललं आणि पाने घेऊन पेटीत हात घातला. पंखा न थांबवता एकेक बॅटरी सोडवायची म्हणजे चालत्या गाडीचं चाक बदलण्यासारखं. घाम हनुवटीवरून पितळेवर टपकत होता. तीन बॅटऱ्या निघाल्या. पंखा चालूच राहिला, खर्र-टक. कुंदनने बॅटऱ्या घरी पोचवल्या, गड्याला कामाला लावलं आणि स्वतः परत येऊन कडुनिंबाखाली बसला.

बाराला अमर आला. अमरला घाई होती आणि तो ओरडून बोलतो. टेकचंदने ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोल ना. तुही काकू झोपून राहिली."

"आजारी हाय का?"

"नाई. परीक्षा हाय."

अमरने गाडीकडे पाहिलं, 'मुलांना जपून चढवा' वाचलं, आणि ह्या घरात काहीतरी बिनसलं आहे असं समजून आवाज खाली आणला. दोन बॅटऱ्या घेऊन तो चवड्यांवर चालत फाटकाबाहेर गेला.

मग रांगच लागली. एक आला, दुसरा आला, तिसरा आला. प्रत्येकजण फाटक वाजवायचा, टेकचंद धावत जायचा, ओठांवर बोट, मागचं झाकण, पाने, एक बॅटरी. मध्येच दूधवाला येऊन गेला, ग्रामपंचायतीचा माणूस पाणीपट्टीचं विचारून गेला, रीताचा फोन आला, शेजारणीची कोंबडी कुठल्या घरात शिरली ते विचारायला कुणी आलं. सकाळपासून टेकचंदने फाटकाच्या इतक्या खेपा घातल्या की त्याचे गुडघे बोलू लागले. ह्या घरात दिवसाला एवढे लोक येतात हे त्याला साठ वर्षांत ठाऊक नव्हतं. तो ठेल्यावर असतो तेव्हा हे कोण निस्तरतं, असा प्रश्न त्याच्या मनात येऊ पाहत होता, तेवढ्यात पुन्हा फाटक वाजलं.

अडीच वाजले होते. पेटीत दोनच बॅटऱ्या उरल्या होत्या, एक करुणाची आणि एक त्याची. आणि फाटकात करुणा उभी होती. पंप पाठीला अडकवलेलाच होता.

करुणाचा नवरा नागपूरला कामाला. इथली एकरभर धानाची शेती ती एकटी पाहते. फवारणीसाठी तिने एक माणूस कसाबसा मिळवला होता, तो बांधावर उभा होता आणि त्याला चारपर्यंत दुसऱ्याच्या शेतात जायचं होतं.

"भाऊजी, बॅटरी द्या लवकर. बुडापर्यंत गेला तुडतुडा."

टेकचंदने तिची बॅटरी सोडवली आणि सवयीने मीटर लावून पाहिलं. काटा खाली आला. साडेपाच तास पंखा ओढून ओढून ती पार थकली होती. अर्ध्या एकरात दम तोडणार. गच्च भरून ठेवलेली बॅटरी त्याने पंख्याला पाजली होती, आणि तिच्या मालकिणीला ह्याचा पत्ताही नव्हता. त्याला मनापासून लाज वाटली. व्यायाम देतो म्हणे!

तो उभा राहिला. आत खर्र-टक चालू होतं, आता फक्त त्याच्या एका बॅटरीवर. ती आणखी तास-पाऊण तास ओढेल. त्यात काही चमत्कार होऊन ऊन पडेल, सोलरचं पान मदत करेल, कदाचित. तीस वर्षं त्याने परक्या माणसांना अमरकंटकला नेलं होतं. कुंडापाशी उभ्या राहिलेल्या प्रत्येक म्हातारीचा चेहरा पाहून त्याला रुखमा आठवायची. ह्या गाडीत सगळा जीव ओतला तो तेवढ्यासाठी.

"काय झालं, भाऊजी?" करुणाने विचारलं.

"काई नाई. हे एक पुरनार नाई तुले," टेकचंद म्हणाला. "थांब, दुसरी बी घेऊन जा. एक संपली का दुसरी लाव."

त्याने स्वतःची बॅटरी सोडवली. खर्र झालं, टक झालं नाही. हिरवी पाती सावकाश फिरत फिरत थांबली. पाऊण तीन.

करुणा गेली. टेकचंद रुखमाच्या ओरडण्याची वाट पाहत उभा राहिला. ओरडणं आलं नाही. कडुनिंबाखालून कुंदन उठला, खिशातून टेप काढला आणि गाडीची लांबी मोजू लागला.

"दोन डबे आडवे बसतीन," तो पुटपुटला.

टेकचंदने खिडकीचा पडदा हळूच सरकवला. रुखमा कुशीवर झोपलेली. कपाळावर घाम, तोंड किंचित उघडं. गाढ. पंखा बंद आणि रुखमा झोपलेली, हे दृश्य त्याने पस्तीस वर्षांत पाहिलं नव्हतं. आधी त्याने तिच्या नाकापुढे बोट धरायला हात आत घातला. मग तिने एक लांब घोरणं काढलं आणि त्याचा जीव भांड्यात पडला. यूपीएस ज्यातून आणला होता तो पुठ्ठ्याचा खोका त्याने फाडला आणि खिडकीतून वारा घालू लागला. एक हात दुखला की दुसरा. मध्ये तीनदा फाटक वाजलं. तिन्ही वेळा तो पुठ्ठा ठेवून धावला, माणसं वाटेला लावली आणि परत येऊन पुठ्ठा उचलला.

पाच वाजता दार सरकलं. रुखमा बाहेर आली, गालावर उशीची घडी उमटलेली. तिने आभाळाकडे पाहिलं, पुठ्ठ्याकडे पाहिलं, कुंदनच्या हातातल्या टेपकडे पाहिलं.

"पंखा कवा बंद पडला?"

कुंदनच्या तोंडाकडे न पाहता टेकचंदने खरं तेच सांगितलं. "पाऊन तीनले. बॅटऱ्या लोकायच्या होत्या, लोकं घेऊन गेले. आपली बी मी करुणाले देल्ली. तुडतुडा आला धानावर. हरलो मी, रुखमा."

"म्हंजे सवादोन घंटे पंखा नोयता?"

"हाव."

"आन मी?"

"घोरत होती."

"मी घोरत नाई," रुखमा म्हणाली, पण तिचं लक्ष दुसरीकडे होतं. "कोन कोन आलतं?"

टेकचंदने बोटं मोजली. कुंदन, अमर, ते तिघे, करुणा, दूधवाला, पाणीपट्टी, कोंबडी, शिवाय नंतरचे तीन. रीताचा फोन वेगळा.

रुखमा गाडीच्या पायरीवर बसली. मग म्हणाली, "एवढे लोक आले आन मी एकदाबी उठली नाई. अवो, ह्या घरात आली तवापासून फाटक वाजलं का मीच उठतो. सासू होती तवा बी, लेकरं होते तवा बी. रातच्याले कुत्रं भुंकलं तरी मीच. म्हनून त्या पंख्याची घरघर पायजे होती मले. त्याच्या आवाजात काई आयकू नाई येत, तं वाटते, चला, आयकू नाई आलं म्हनून नाई उठली. आज पंखा बी नोयता आन तरी झोप लागली. कारन तुमी होते ना फाटकाशी."

टेकचंदचा पुठ्ठा हातातच राहिला. पस्तीस वर्षं तो ज्याला पंख्यातला बिघाड समजत होता, तो पंख्यात नव्हताच. हे त्याला आत्ता कळलं. दुरुस्तीवाल्या माणसाला बिघाड आपल्यातच निघाला की फार अवघड जातं.

"मंग गाडी?" कुंदनने विचारलं.

"टेप गुंडाळ," रुखमा म्हणाली. "आन तुमी आयका. उद्या आधी आपल्या बांधीत फवारनी करा. सगळ्या गावाले बॅटऱ्या वाटल्या, आपला धान काय तुडतुड्याले आंदन देल्ला? आन त्या पंख्याले तेल टाका आता."

टेकचंदने खिशातून कुपी काढली. पस्तीस वर्षं ती तयारच होती.

धान निघाला, चुरणं म्हणजे मळणी झाली. डिसेंबर लागला तशा बॅटऱ्या पुन्हा फळीवर येऊ लागल्या. ह्या वेळी टेकचंदने प्रत्येकाला तोंडावर विचारलं, की नेऊ का? अमर म्हणाला, न्या. करुणाने तर आपली बॅटरी हळदी-कुंकू लावून पाठवली, की मी नाही तर माझी बॅटरी तरी नर्मदा पाहील. कुंदनने तिन्ही दिल्या, आणि बुडवू नको एवढंच बजावलं. दहाही बॅटऱ्या पेटीत बसल्या. पंखाही सोबत घेतला. तेल दिल्यापासून तो चालतो की नाही हे हात लावून पाहावं लागतं.

पहिला मुक्काम एका पेट्रोल पंपाच्या आवारात झाला. पहाटे धुकं होतं, थंडी मी म्हणत होती. पंखा कोपऱ्यात उपरण्यात गुंडाळलेला पडला होता. कुणीतरी गाडीच्या पत्र्यावर थापा मारल्या. "चाय, चाय लेना है क्या?"

रुखमाने डोळे उघडले नाहीत. रजई नाकापर्यंत ओढली आणि कोपराने टेकचंदला ढोसलं.

"अवो, फाटक वाजलं."

टेकचंद उठला.